दोन वूफर, आत वाट एकच

कारखान्यात पत्रा दाबणाऱ्या प्रेसवर उभे आयुष्य काढलेल्या त्या माणसाला सगळी गल्ली दणकेकाका म्हणते. ते त्यांचे आडनाव नाही. यंत्राच्या दणक्यांनी कान गेले आणि तेव्हापासून ते स्वतःही दणक्यातच बोलू लागले, इतकाच त्या नावाचा इतिहास. निवृत्तीपर्यंत पाखरांचे आवाज गेले होते, दाराची घंटा गेली होती. श्रवणयंत्र लावूनही बायकोचे निम्मे शब्द तिच्या ओठांवरून उचलावे लागत. उरला होता तो तळाचा जड आवाज, आणि तोही कानांपेक्षा तळपायांना अधिक कळणारा. श्रमाने माणसाकडून काय नेले याची कुठे ना कुठे नोंद होते. काय मागे ठेवले, हे सहसा कोणी विचारत नाही. काकांकडे मागे राहिला होता संध्याकाळी घरी बसून पाहायचा सिनेमा.

घरात असा जड आवाज काढणारा वूफर आधी एकच होता. त्याचा घुमारा खोलीत सारखा पसरत नसे. दाराजवळच्या खुर्चीत तो छातीवर आदळे, तर सोफ्यावर त्याचा मागमूसही नसे. त्यामुळे काका दाराशी आणि काकू सोफ्यावर, अशी एका खोलीत दोघांची ताटातूट. समोरच्या कोपऱ्यात दुसरा वूफर ठेवला तर घुमारा सगळीकडे पोहोचेल, असे मुलीने सांगितले आणि काकांनी ध्यासच घेतला. पण साऱ्या स्पीकरांना आवाज वाटून देणारे यंत्र, म्हणजे रिसीव्हर, जुना होता. त्याला दुसऱ्या वूफरची सोय नव्हती.

दुकानदाराने खालच्या फळीवरचा एक रिसीव्हर काढून पाठमोरा फिरवला आणि काकांना ओठ दिसतील असा समोर उभा राहिला.

“काका, आधीच सांगतो, मागाहून शिव्या नकोत. मागे भोकं दोन दिसतात, पण आत वाट एकच. एका नळाला दोन तोंडं काढलीत म्हणा ना. आतली चावी पिळली की दोन्हीकडचं पाणी बंद.”

“आणि दोन्हींना वेगळी चावी हवी असेल तर?”

“तो माल वरच्या फळीवर. तिथे तुमचा खिसाही पोचत नाही अन् माझी शिडीही.”

काकू हसल्या. “घ्या हो खालचाच. आपण तरी कुठे वरच्या फळीवरचे?”

मुलीने घरी येऊन खोलीतला आवाज मोजायला माइक ठेवला, मोजमाप केले, सेटिंग लावून दिले. “बाबा, यात आता बोट घालू नका हं,” म्हणाली. काकांनी घातले नाही. त्या संध्याकाळी पडद्यावर ढग गडगडले आणि सोफ्याच्या फळीतून थेट पाठीत शिरले. “अगं, ढग ना?” त्यांनी विचारले. शेजारी बसलेल्या काकूंनी मान डोलावली. पुढे रोज हाच प्रश्न आणि हेच उत्तर. बायकोच्या मानेवर ते आपला अंदाज ताडून पाहत.

मग एका संध्याकाळी जमीन मुकी झाली.

“आज वूफर बंद आहेत का गं?”

“बंद कुठले? केवढे घुमतायत! भिंत हलतेय.” काकूंनी एकेक शब्द ओठांवर नीट मांडला.

काकांनी तारा पाहिल्या, घट्ट होत्या. दोन्ही खोक्यांवरचे हिरवे दिवे जळत होते. म्हणजे यंत्र ठीक होते आणि बिघाड त्यांच्यात होता. तेवढेही गेले, असे त्यांनी मनाशी मान्य केले. कानांच्या डॉक्टरांनी तपासणी करून आलेखाकडे पाहिले, मग काकूंकडे वळून विचारले, “घरी तुम्हाला तो आवाज येतो ना?”

“येतो,” काकू म्हणाल्या.

तो शब्द काकांनी त्यांच्या ओठांवरून उचलला. जुन्या आलेखात आणि नव्यात फारसा फरक नाही, पण वय आहे, असे डॉक्टर म्हणाले. त्यानंतर सिनेमा सुरू झाला की काका खिडकीकडे पाहत बसू लागले.

असेच बसले असताना रस्ता दाबणारा रोलर खालून गेला. काकांच्या तळपायांना तो आधी कळला, डोळ्यांना मागून दिसला. ते ताडकन उठले. पाय शाबूत होते! मग दोन खोकी एकाच दिवशी कशी बिघडली? प्रेसवर दोन यंत्रे एकदम थांबली की कोणी यंत्रे उघडत नसे. दोघांना मिळून असलेला खटका आधी बघत. दुकानदाराची चावी त्यांना आठवली. रिमोट घेऊन, चष्मा कपाळावरून खाली ओढून, ते मुलीने लावलेल्या सेटिंगमध्ये शिरले. तिथे लिहिले होते : सबवूफर – नाही.

काकू दारात उभ्या होत्या.

“लेकीकडून मीच करून घेतलं,” त्या म्हणाल्या. “अहो, तुमचा तो आनंद माझ्या डोक्यात घण घालायचा. चक्कर यायची.”

“मग सांगायचंस.”

“सांगितलं असतं तर तुम्ही लगेच बंद केलं असतं. वर तोंड एवढंसं करून बसला असतात.”

“आणि डॉक्टरांकडे?”

“एकदा बोलून गेले. मग थांबायचं कुठे तेच कळेना.”

“अगं, मी पायांनासुद्धा मेलेलं धरलं होतं,” काका म्हणाले. कान गेल्यापासून पहिल्यांदाच ते हळू बोलले. काकूंना पुढे वाकून ऐकावे लागले.

त्या रिसीव्हरमध्ये उणीव होती, पण ती दुकानातच, घेण्याआधी, तोंडावर सांगितली गेली होती. घराने तेवढेही केले नाही. काकूंची चक्कर खरी होती आणि त्यांची मायाही खरी होती. पण ज्याची जगाशी असलेली शेवटची वाट आपल्या मानेतून जाते, त्याच्यापुढे ती मान खोटी हलवणे ही साधी थाप राहत नाही.

काकांनी वूफर पुन्हा चालू केले आणि काकूंना सोसेल इतके हळू ठेवले. ते आजही सोफ्यावर त्यांच्या शेजारीच बसतात. फक्त ढगांबद्दल आता विचारत नाहीत. सिनेमा सुरू झाला की उठतात, आधी एका कोपऱ्यात, मग दुसऱ्या कोपऱ्यात जातात, प्रत्येक खोक्यावर तळहात टेकवतात आणि खात्री झाल्यावर परत येतात. काकू रोज ते पाहतात. कधी सवयीने म्हणतात, “चालू आहेत हो.”

काका पडद्याकडे पाहत असतात. ओठ पाहिल्याशिवाय त्यांना ते कळत नाही.