गोजरमावशीचं येसर

मी रामसिंग. हिंगोली-कळमनुरी काळीपिवळी जीप चालवायचो. सारा जन्म रस्त्यावर जेवलो, म्हणून कुठल्या हाटेलातलं पिठलं पाणचट आन् कुठला ठेचा घाम फोडतो, हे मला झोपेतून उठवून विचारा. पण गोजरमावशीच्या पत्र्याच्या शेडात येसर आमटी आन् ज्वारीची भाकर खाल्ली, की बाकीचं समदं फिकं.

गहू, चणाडाळ, मसाला भाजून दळलं की झालं येसर. डबाभर करून ठेवायचं आन् रोज आमटीला लावायचं. जरा जास्त भाजलं की कडू. मावशी ते नुसत्या वासावर भाजायची, कारण चुलीला आन् गाईला घास दिल्याबिगर चव घ्यायची न्हाई, ही तिच्या सासरची रीत. आमटीवरचं झाकण काढून पदरानं वाफ नाकाशी घ्यायची आन् म्हणायची, "मीठ कमी हाय." बराबर कमीच असायचं. नांदेडचे ट्रकवाले तिच्यासाठी भूक राखून यायचे. औरंगाबादचे एक सर तर दर हिवाळ्यात गाडी काढून गावोगावचं जेवण हुडकायचे आन् वहीत लिहून घ्यायचे. त्यांनी मावशीला दोन पानं दिली होती.

दोन हजार सहाला तापाची साथ आली. मावशी महिनाभर अंथरुणात होती. पोळ्याला चूल पेटवली. पहिलं ताट माझं. घास घेतला आन् जीभ कडू झाली. येसर पार करपलेलं.

"कसं झालंय रे, रामसिंगा?"

आधी ती कधी विचारत नव्हती. मला वाटलं, आजारानं बाई हळवी झाली. माझी बायको जिवनबाई दवाखान्यात पडली तवा ह्याच मावशीनं दोन महिने डबा पोचवला होता. तिला कसं सांगू? दोन दिवसांत हात बसंल, असं मनाशी म्हणलो.

"बराबर हाय, मावशी."

तवापासून ती रोज विचारायची आन् मी रोज तेच सांगायचो. ट्रकवाले यायचे बंद झाले. मावशी पुढच्या पनीरवाल्या धाब्याला शिव्या द्यायची, रडायची आन् पुन्हा येसर भाजायला बसायची. तिला दुसरा आधार न्हाई, शेड गेलं की समदं गेलं. मला समदं दिसत होतं, तरी तोंड उघडलं न्हाई. भित्रा माणूस मी, दुसरं काय.

थंडीत सरांचा निरोप आला, पाच जण जेवायला येतोय. मावशीनं शेड सारवलं, लुगडं बदललं. "सर आले की बाकीचे बी परततील," म्हणाली. मग ताट माझ्यापुढं ठेवून माझ्या तोंडाकडं बघत बसली. अजून वेळ होती. दुसरं येसर भाजून नवी आमटी टाकता आली असती.

"बराबर हाय," मी म्हणलो.

सरांनी एक घास खाल्ला. त्यांच्या बायकोनं रुमालात थुंकलं. "पोट भरलेलंच होतं," सर म्हणाले. वही काही त्यांनी काढली न्हाई. पाच ताटं तशीच भरलेली राहिली.

गाडी गेल्यावर मावशी त्या ताटांपाशी बसली.

"जळकं हाय का रे?"

"व्हय."

"कवापासून?"

"पोळ्यापासून."

तिनं पुढ्यातलं ताट बाजूला सारलं. मग म्हणाली, "तापात माझा वास गेला, चव बी गेली. माती खाल्ली काय आन् भाकर काय. कुणाला सांगितलं न्हाई, गिऱ्हाईक तुटंल म्हणून. म्हणलं, रामसिंगाची जीभ हाय ना. तुला विचारून विचारून रांधत होते मी."

मी पाय धरायला वाकलो. तिनं पाय मागं घेतले.

शेड आता बंद हाय. तिच्या घरी गेलो तर पाणी देते, बस म्हणते. कधी कधी भाकर बी वाढते. मी जेवतो, पण ती मला कसं झालंय म्हणून विचारत न्हाई.