आत्याचं पक्कं पत्र

आत्या ठेकेदाराच्या ऑफिसात पत्रं लिहायची. सिमेंट उशिरा आलं, लिफ्टवाल्याने काम अर्धवट टाकलं, की मालक म्हणायचे, "बाई, जरा पक्कं लिहा." तिचं पत्र गेलं की समोरच्याची बोलती बंद. त्याच ठेकेदाराकडे बाबा गवंडी होते. आपल्या धाकट्या भावाला तिथे चिकटवलं होतं आत्यानेच. "बांधकामात पक्कं काय, तर आमच्या ताईचं पत्र," बाबा सगळ्यांना सांगायचे. "भिंती मी बांधतो, त्यांचं मात्र विचारू नका."

मग परांची मोडली आणि बाबा तिसऱ्या मजल्यावरून पडून गेले. घरात अजून माणसं भेटायला येत होती, तेवढ्यात ठेकेदाराचं पत्र आलं. सदर कामगार वारंवार सूचना देऊनही सुरक्षेचा पट्टा न बांधता चढला, सबब अपघात सर्वस्वी त्याच्याच निष्काळजीपणामुळे घडला. साइटवर पट्टे कधी नव्हतेच. परांचीचा वासा बदला म्हणून बाबा कानीकपाळी ओरडत होते. पत्र कोणी लिहिलंय हे आईला विचारावं लागलं नाही. माझं मात्र डोकं फिरलं. पाठच्या भावावर असं लिहायला हिचा हात धजला कसा?

संध्याकाळी आत्या आली. आई म्हणाली, "ताई, भरपाईचे पैसे गेले खड्ड्यात. पण हे निष्काळजी होते, असं मी कागदावर राहू देणार नाही. उत्तर तुम्हीच लिहा."

"नोकरी गेली असती गं. आता दोन्ही घरं माझ्यावरच," आत्या पुटपुटली आणि चष्मा लावून बसली. एक ओळ लिहायची, खोडायची. "पट्टे नव्हते म्हणावं, तर वाटल्याची तारीख घातलीय मी. वासा कुजका म्हणावं, तर तपासणीचीही घातलीय." खोट्या तारखा, पण एकीलाही बोट लावायला जागा नव्हती. जमिनीवर कागदांचे बोळे साचले. मी मुद्दाम उचलले नाहीत.

शेवटी तिने पेन ठेवलं. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं.

"काही सापडत नाही गं. थोडं कच्चं लिहिलं असतं, एखादी तारीख गाळली असती, तर मालकांना कळलंही नसतं."

"मग का नाही गाळलीत?" आईने विचारलं.

आत्याने जमिनीवरचा एक बोळा उचलून उलगडला.

"सुचलंच नाही," ती म्हणाली.