माझ्या मापाची काच

मी तळेघरच्या शाळेत शिक्षिका आहे आणि राहायला अवसरी खुर्दला, सासरी. रोज सकाळी मंचर, घोडेगाव करत डोंगर चढायचा आणि संध्याकाळी उतरायचा. एसटी आहे, पण ती तिच्या मर्जीने. म्हणून मी क्रूझर चालवते. लांबलचक, बुटकी, रुंद हँडलची मोटरसायकल. आमच्या मालकांनी, म्हणजे नवऱ्याने, हौसेने घेतली. मग टोमॅटोसाठी पिकअप आली आणि त्यांची हौस फिटली. माझी सुरू झाली. पाय जमिनीला नीट टेकतात, खड्ड्यात गाडी डगमगत नाही, आणि कुठे जायचं तर कुणाची वाट बघत बसावं लागत नाही. ती गाडी मला आवडते. आणखी कारण कशाला पाहिजे?

अडचण एकच. हिच्यावर खुर्चीत बसल्यासारखं ताठ बसावं लागतं आणि हायवेचं वारं सरळ छाताडावर येतं. हेल्मेट मागे ढकललं जातं, ते सावरता सावरता मान आखडते. यंदा पावसाळ्यात मान अशी धरली की फळ्यावर लिहायला हात वर जाईना. डॉक्टर म्हणाले, "वारं थांबवा, नाहीतर गाडी थांबवा."

मालकांनी त्यातलं दुसरंच ऐकलं. "खाली बदली होईपर्यंत रजा टाक. गाडी इकून टाकू. एक पावणं लई दिवस मागं लागल्यात."

"बघू," मी म्हटलं. आमच्या घरात मी 'बघू' म्हटलं की त्याचा अर्थ 'अजिबात नाही' असा असतो, हे लग्नाला इतकी वर्षं होऊनही मालकांना कळत नाही.

वारं अडवायला फेअरिंग मिळतं. हेडलाइटभोवती बसणारं कवच आणि त्यावर काच. गाडीसोबत येत नाही, बाहेरून घेऊन बसवावं लागतं. मी मोबाइलवर बघून त्यातलं मोठ्यात मोठं मागवलं. 'सगळ्या गाड्यांना बसेल' असं खाली लिहिलेलं. माप घेतलं ते शेडमध्ये. हंगामात आमच्या शेडमध्ये टोमॅटोच्या क्रेटच्या थप्प्या छपराला टेकलेल्या असतात आणि मधल्या फटीत गाडी अंग चोरून उभी. तिथे हँडल वळायला जागा कुठली? मी हँडल सरळ ठेवूनच माप घेतलं आणि खूश झाले. काचेची उंची ठरवायला मालक गाडीवर बसले, कारण मी टेप धरला होता.

पहिल्या दिवशी हायवेवर काय सुख लागलं, सांगू! वारं डोक्यावरून निघून जात होतं. घोडेगावपर्यंत मी गाणी म्हणत गेले. डिंभ्याच्या पुढे धुकं लागलं आणि गाणं बंद झालं. काच मालकांच्या उंचीची, माझे डोळे तिच्या आत. तिच्यावर थेंब साचले आणि पुढचा रस्ता पुसल्यासारखा झाला. तरी हळूहळू गेले. शाळेच्या वाटेला अगदी आखूड वळण आहे. तिथे हँडल पुरतं वळवलं तर कवचाची कड टाकीवर आपटली, हँडल अडकलं आणि मी गाडीसकट भाताच्या खाचरात.

बांधावर गवत कापणारी बाई धावत आली. "लागलं का हो, बाई?"

"नाही, नाही."

"मंग उठा की बिगीबिगी. खाली आमचं भात हाय!"

संध्याकाळी मालकांनी टाकीवरचा पोचा बघितला, माझी चिखलाची साडी बघितली. ओरडले असते तर मी दुप्पट ओरडले असते. पण ते हळू आवाजात म्हणाले, "घाटात पडली असतीस तर? रविवारी पावण्यांना बोलावतो." माझ्या डोक्यात तिडीकच गेली. भीतीही वाटली, खोटं कशाला बोलू. गाडी गेली की शाळाही गेली, हे मला दिसत होतं.

"रविवारच्या आत नीट बसणारं आणते," मी म्हटलं. "मग बोला."

माझं माहेर नारायणगावचं, द्राक्षबागवाल्यांचं. तिकडून आलेल्या द्राक्षांच्या पेट्यांचा पुठ्ठा घरात पडून होता. गाडी अंगणात काढली, ते मोठं कवच उतरवलं, पुठ्ठा हेडलाइटवर सुतळीने बांधला आणि हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं. टाकीला लागला, कापला. ब्रेकच्या वायरला लागला, आणखी कापला. मग हेल्मेट घालून स्वतः गाडीवर बसले आणि माझ्या नाकाच्या रेषेवर पेनाने खूण केली. काच नाकापर्यंत. डोळे वर, मोकळे. धुकं येऊ दे नाहीतर पाऊस.

तसाच पुठ्ठा बांधून नारायणगाव गाठलं. बाजारात पुठ्ठ्यावरचा छापील द्राक्षांचा घड बघून एक जीपवाला ओरडला, "ताई, द्राक्षं काय भाव?"

"संपली!" मी पण ओरडले.

दुकानदाराने चकचकीत माल काढला. मी प्रत्येकावर पुठ्ठा लावायची आणि मान हलवायची. एकाचा क्लॅम्प, म्हणजे कवच धरून ठेवणारी पकड, माझ्या पुढच्या शॉकअपच्या नळीला सैल होता. दुकानदार म्हणाला, "रबर घालून बसवू."

"आणि घाटात निघालं तर तुम्ही येणार का धरायला?"

"अवो मॅडम, गाडीला ब्लाऊज शिवताय का काय?"

"तसंच समजा. आणि मला घट्टही नको, ढगळही नको."

शेवटी त्याने मागून एक लहान, बिनचमकीचं काळं फेअरिंग आणलं. दिसायला बरं नाही म्हणून कुणी घेत नव्हतं. पुठ्ठा ठेवला, बरोब्बर! क्लॅम्प नळीला चपखल बसला. बोल्ट आवळायच्या आधी आणि आवळल्यावर मी हँडल दोन्हीकडे वळवून बघितलं. टाकी आणि कवचामध्ये बोटभर जागा राहत होती.

रविवारी पावणं आले, धिप्पाड गडी. गाडीवर बसले आणि म्हणाले, "काच लई खाली हाय, राव. समदं वारं तोंडावर यील."

"मला बरोबर नाकापर्यंत येते," मी म्हटलं. त्यांना उतरवलं, हेल्मेट घातलं आणि हँडल पुरतं वळवून अंगणात उभ्या पिकअपभोवती चक्कर मारली. मग उलट्या बाजूने. पाय कुठे टेकला नाही. मालकांसमोर येऊन थांबले आणि हेल्मेट काढलं.

"मला रजा नको," मी म्हटलं. "मला तळेघरला जायचंय."

मालकांनी काचेची कड हाताने हलवून बघितली. मग वळून म्हणाले, "पावणं, चा घ्या. गाडी न्हाई इकायची."

संध्याकाळी शेडमधून धाडधाड आवाज यायला लागला. जाऊन बघते तर मालक घामाघूम होऊन दोन्हीकडच्या थप्प्या मागे सरकवत होते.

"अहो, हे काय चाललंय?"

"नुसती उभी ऱ्हाऊ नको. बस गाडीवर आन हँडल वळवून बघ. पुरतं वळतंय का?"

मी बसले आणि वळवलं. दोन्हीकडे पुरतं वळलं.