ताईच्या हळदीकुंकवाला कोणी आलं नाही

मित्रांनो, आज लय वाईट वाटतंय, म्हणून लिहितोय. चार्जर घ्यायला उल्हासनगरला, कॅम्प नंबर एकच्या मार्केटात निघालो होतो आणि भटकत भटकत पोचलो बदलापूरला, मांजर्लीत ताईकडे.

ताई किचनचे डबे विकते. कोणाच्या तरी घरी बायका जमवायच्या, डबे दाखवायचे, आणि जिच्या घरी पार्टी तिला एक गिफ्ट. आज मात्र स्वतःच्या घरी तिने नुसतं संक्रांतीचं हळदीकुंकू ठेवलेलं. तिळगूळ, मसाला दूध, वाणाच्या स्टीलच्या वाट्या, सगळं मांडून बसलेली. अंधार पडला तरी कोणी येईना.

शेवटी शेजारच्या काकू आल्या. "बाकीच्या म्हणाल्या, परत डब्यांचीच पार्टी असणार. मीच म्हटलं, जाऊन येते."

"नाही हो काकू, आज काही विकायचं नाहीये. बसा ना."

ताईने कुंकू लावलं, वाटी हातात दिली. काकूंनी पर्स उघडली.

"हिचे किती गं?"

ताई म्हणाली, "वाण आहे काकू," आणि दूध गरम करायला आत गेली. बराच वेळ बाहेरच आली नाही.

घेणारीला डबा मिळतो, पार्टी ठेवणारीला गिफ्ट. विकणारीच्या मात्र मैत्रिणी तुटतात, हे तिला आधी कोणी का सांगत नाही?