यातलुर

दुरुस्तीला आलेल्या जहाजाबरोबर मालकांकडून आलेला तो म्हातारा इंजिनिअर युरोपच्या उत्तरेकडच्या फेरो बेटांवरचा. बोलायच्या आधी मान वर करून वारा हुंगायचा, मग एकेक शब्द टाकायचा. मी आठवीत शाळा सोडलेला फिटर. माझं इंग्रजीही तसंच तुटकं, म्हणून आमचं जमायचं.

घरून आणलेले सुके बोंबील सिंगापूरच्या दमट हवेत मऊ पडले, म्हणून मी ते यार्डात एका फटीफटीच्या लाकडी खोक्यात टांगले. इथल्यासारखं वाक्याला 'लाह' जोडणाऱ्या सुपरवायझरला वास लागला.

"कोणाचं हे, लाह? त्याचं वर्क परमिट रद्दच करतो."

घरचं सगळं त्या परमिटवर चालतं.

"माझं," म्हातारा पुढे होऊन म्हणाला. "यातलुर."

"म्हणजे?"

"आमच्याकडची खोपी. फळ्यांत फटी, आत मटण टांगतो. वारा सुकवतो."

गिऱ्हाइकाच्या माणसाला काय बोलणार? सुपरवायझर नाक दाबून निघून गेला.

मी हात जोडले. त्याने तिकडे पाहिलंही नाही. एक बोंबील मोडून तो कच्चाच चावत राहिला.

"मीठ नाही?"

"नाही. नुसतं ऊन नि वारा."

"आमच्याकडेही मीठ नाही," म्हणाला, आणि दुसरा उचलला.