चार बांधांचे माप

पुण्याहून सकाळी सुटलेली नाशिक रस्त्याची एस.टी. भोसरीच्या पुढे गेली आणि माझ्या पोटात ढवळायला लागले. बीजगणितावर मी तासन्‌तास बोलू शकते, पण तीन मैलांचा खडबडीत रस्ता मला सोसत नाही. शेजारी कुसुमताई आवळासुपारी चघळत निवांत बाहेर बघत होत्या. एकेकाळी त्यांनीच मला गणित शिकवले. आता आम्ही दोघी एकाच कॉलेजात शिकवतो, पण त्यांच्यापुढे मी अजून विद्यार्थिनीच आहे. ही मोहीम त्यांची. कॉलेजात बसून खेड्यातल्या मुलींसाठी ठराव करणे म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणे, असे त्या भर सभेत म्हणाल्या आणि आठ दिवसांसाठी स्वतःचे, आणि मला न विचारता माझेही, नाव देऊन मोकळ्या झाल्या.

मागच्या बाकावर बीडकडचा एक गवंडी होता. पिंपरीला कारखान्याच्या बांधकामावर त्याला काम लागले होते आणि सुट्टी मिळाली म्हणून तो चाकणला बहिणीकडे निघाला होता. "कुठं चाललाव बाई? डाक्टरीण हाव का?" त्याने विचारले. आम्ही मुलींना गणित शिकवायला चाललो आहोत हे ऐकून तो म्हणाला, की आधी त्याच्या मुकादमाला शिकवले तर फार बरे होईल. मोशीच्या पुलावरून इंद्रायणी दिसली ती मी अर्धवट मिटल्या डोळ्यांनीच पाहिली. फाल्गुन लागला होता, पाणी कमी झाले होते आणि खडकांवर धुणी वाळत होती.

चाकणला बाजाराचा दिवस नव्हता, तरी कांद्याचा वास सगळीकडे होता. शाळेच्या मास्तरांनी बैलगाडी पाठवली होती. महाळुंग्याच्या रस्त्याने दोन तास हाडे खिळखिळी करून घेत आम्ही आमच्या मुक्कामाच्या वाडीला पोहोचलो. तीस-चाळीस घरे, मारुतीच्या देवळात भरणारी शाळा, खाली नदीचे वळण. मास्तरांच्या घरी जेवायला ज्वारीची भाकरी, ठेचा आणि हरभऱ्याच्या पाल्याचे कोरड्यास (भाकरीबरोबरचे कालवण) होते. माझे पोट एका भाकरीत ताळ्यावर आले हे कबूल करते.

आमच्या वर्गात अकरा मुली होत्या. पहिले दोन दिवस त्या काही बोलतच नव्हत्या. विचारले की पदर नाहीतर वेणी तोंडाशी जायची. मी वैतागले. कुसुमताईंनी पाटी बाजूला ठेवायला लावली आणि मुलींना देवळाच्या खांबांची, पायऱ्यांची, सावल्यांची मापे घ्यायला पाठवले, तेव्हा कुठे तोंडे उघडली. त्यात तेरा-चौदा वर्षांची हौसा होती. सगळ्या उत्तर शोधत असताना ही प्रश्न शोधायची. तिचे वडील तात्या वाडीतली जमीन मोजत. सरकारी मोजणीदार नव्हेत. पण भावाभावांच्या वाटण्या आणि आपसातल्या अदलाबदली सरकारी कागदावर येण्याआधी तात्यांच्या साखळीखालून जात. साखळीचे दुसरे टोक धरायला हौसाच असे.

सहाव्या दिवशी मी चौकोन शिकवला. ज्वारीच्या ताटांचे (वाळल्या धांड्यांचे) चार तुकडे घेतले, दोन लांब, दोन आखूड, आणि चारी कोपऱ्यांत बाभळीचा काटा टोचून चौकट केली. ती जमिनीवर सरळ ठेवून आत हरभऱ्याचे दाणे एका थरात गच्च भरायला लावले. मग एक कोपरा बोटाने हळूच ढकलला. चौकट खिळखिळ्या बाजेसारखी तिरकी झाली, दाणे एकमेकांवर चढले, काही बाहेर सांडले. मुली हसल्या. चारी बाजू होत्या तेवढ्याच आहेत आणि जागा मात्र कमी झाली, हे मी सांगितले. नुसत्या चार बाजू कळून चौकोन कळत नाही. एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचे माप, म्हणजे कर्ण, तरी घ्यावा लागतो. मी स्वतःवर खूश होते.

वर्ग सुटल्यावर हौसा मागे राहिली. तात्या शेताचे चारी बांध मोजतात, तिने सांगितले. समोरासमोरच्या बांधांची सरासरी काढतात आणि दोन्ही सरासऱ्या गुणतात. मग ते कसे?

"ते चूक आहे," मी म्हटले. इतक्या पटकन आणि इतक्या आनंदाने म्हटले, की आज आठवले तरी लाज वाटते. तिचा चेहरा उतरला. मग तिने खरी गोष्ट सांगितली. उद्या सकाळी चावडीवर अदलाबदलीचा कागद व्हायचा होता. चंद्राक्का नावाच्या विधवेचे विहिरीजवळचे सरळ चौकोनी शेत तिचा चुलतदीर दाजीबा घेणार होता आणि बदल्यात नदीकाठचे आपले शेत तिला देणार होता. दोन्ही शेते तात्यांनीच मोजली होती. दोन्ही आठ साखळ्या लांब, पाच साखळ्या रुंद. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा. तेव्हा आठ पंचे चाळीस, पुरता एक एकर. एकराला एकर, कोणाचेच नुकसान नाही.

"पर बाई, नदीकडचं श्यात तिरपं हाय," हौसा म्हणाली.

चंद्राक्काला ते एकच शेत होते, पदरात दोन लेकरे होती. खेडहून, तालुक्याच्या गावाहून, लेखनिक यायचा होता, अंगठा उठला की संपले. माझे डोके तापले. मी म्हटले आत्ताच जाऊन दाजीबाला गाठू. कुसुमताई म्हणाल्या, आधी मोजू. न मोजता बोललो तर आपण आणि तात्या सारखेच.

तात्या चाकणला गेले होते, साखळी घरी होती. भर दुपारी आम्ही तिघी नदीकाठच्या शेतात उतरलो. ज्वारी काढून झाली होती, धसकटे पायाला टोचत होती आणि लपायला एक झाड नव्हते. एका दोरीला बारा सारखे भाग पाडून कुसुमताईंनी तीन, चार, पाच भागांच्या बाजूंचा त्रिकोण केला आणि लांब बांधावर त्याने काटकोन लावला. मी साखळी ओढत होते, हौसा गुंठ्यांचा हिशेब करत होती. मधेच वरच्या बांधावरून कोणीतरी ओरडले, कोण हाय तिकडं म्हणून. मी साखळी पटकन धसकटांत ढकलली. "पुन्याच्या बाईंना नदी दावतिया," हौसाने शांतपणे सांगितले. तो माणूस थोडा वेळ उभा राहिला आणि निघून गेला. तो कोण होता हे आम्हाला कळले नाही आणि त्यामुळे भीती अधिकच वाटू लागली.

समोरचा बांध पाच साखळ्यांवर नव्हता. सरळ मोजला तर चारच साखळ्यांवर होता. आठ चोक बत्तीस. चंद्राक्काच्या एकरातले आठ गुंठे नदीने नव्हे, गुणाकाराने खाल्ले होते.

आता सांगायचे कोणी? मी तयारच होते. हौसा नको म्हणाली. "तुमी परवा जाल. तात्या हितंच ऱ्हानार हायती. त्येंचं चुकलं त्ये परक्यानं सांगू न्हाई. आज घरी आलं की मीच सांगते." मला ते पटले नाही, पण कुसुमताईंनी मान डोलावली.

सकाळी हौसा धावत आली. तात्या घरी आलेच नव्हते. मुक्काम चाकणला करून ते लेखनिकाच्या गाडीतून थेट चावडीवर उतरले होते. परकराच्या ओच्यात तिने काहीतरी घट्ट धरले होते.

चावडीवर दहा-बारा माणसे होती. दाजीबा तक्क्याला टेकून बसला होता. चंद्राक्का खाली पायरीशी, पदर ओढून. तात्या मध्यभागी, पांढऱ्या मिशांचा ताठ माणूस. लेखनिकाने कागद वाचून दाखवला आणि शाईची डबी उघडली. मी एक पाऊल पुढे टाकले, तोच कुसुमताईंनी माझे मनगट पकडले. मला त्यांचा भयंकर राग आला. बाईचे शेत चालले आहे आणि आपण शिष्टाचार पाळत उभ्या आहोत, असे वाटून मला रडू यायचे बाकी राहिले होते.

हौसा वर चढली. मुलगी चावडीवर चढलेली पाहून माणसे वळून बघू लागली. तिने तात्यांच्या पुढ्यात ताटांची चौकट ठेवली, ओच्यातले हरभरे आत पसरले आणि बोटांनी गच्च बसवले. दोनदा दाणे घरंगळले, दोनदा तिने ते गोळा केले. दाजीबाने भातुकली मांडली का म्हणून विचारले, कोणीतरी हसले. तात्या खालच्या आवाजात म्हणाले, "हौसे, घरला जा."

"जाते तात्या. येकदा बगा, मंग जाते."

तिने कोपरा ढकलला. दाणे चढले, सांडले. ती एवढेच म्हणाली, की नदीकडचे शेत असे आहे आणि काल ते सरळ मोजले तेव्हा बत्तीस गुंठे भरले.

लेखनिक डबी हातात धरून बसला होता. तात्यांनी लेकीकडे पाहिलेच नाही. त्यांनी ती चौकट स्वतःकडे ओढली, पुन्हा सरळ केली, पुन्हा दाणे भरले आणि स्वतःच्या बोटाने ढकलली. मग आणखी ढकलली, आणि आणखी, दोन लांब ताटे एकमेकांना चिकटेपर्यंत. सगळे हरभरे बाहेर पडले. चौकटीच्या चारी बाजू जशाच्या तशा होत्या आणि आत काहीच नव्हते. त्यांनी वितीने चारी बाजू मोजून पाहिल्या.

"आज कागद व्हायाचा न्हाई," तात्या म्हणाले.

दाजीबा उसळला. पोरीच्या खेळावर जमिनीचे व्यवहार ठरणार का, हे पुण्याच्या बायकांनी भरवून दिले आहे, असे बरेच बोलला. तात्या उठले, साखळी मागवली आणि सगळ्यांना घेऊन नदीवर गेले. बत्तीसच भरले. चंद्राक्काने आपले शेत द्यायला नकार दिला. हे सांगताना तिने पदर मागे सारला होता, तेव्हा मला तिचा चेहरा प्रथम दिसला. ती माझ्याहूनही लहान होती. दाजीबा तिथूनच निघून गेला.

मी विजयी वीरासारखी परत आले आणि त्या दिवशी तीन भाकऱ्या खाल्ल्या. कुसुमताईंनी एकच खाल्ली.

आठव्या दिवशी गाडी जुंपली गेली आणि मुली निरोपाला जमल्या. कोणी माळवं (भाजीपाला) आणले होते, कोणी हरभऱ्याचे डहाळे. त्या गर्दीमागून तात्या आले. हौसा त्यांच्या मागे साखळी खांद्यावर घेऊन उभी होती. तात्या रात्रभर झोपले नसावेत. त्यांनी मला बाजूला बोलावले. कुसुमताईंना नव्हे, मला.

"बाई, येक इचारू का? माजी रीत चुकती, मान्य हाय. पर ती कदी जास्त, कदी कमी, अशीच चुकत आसंल ना? कुनाला चार गुंठं जास्त दावलं, कुनाला चार कमी. समदं धरलं तर बरुबर बसंल."

मला उत्तर ठाऊक होते. चौकट सरळ असते तेव्हाच जागा सर्वांत जास्त असते. ती कशीही झुकली, वेडीवाकडी झाली, तरी कमीच होते. आणि तात्यांची रीत प्रत्येक शेत सरळ धरूनच चालते. हे मी दोन ओळींत सिद्ध करून दाखवू शकते, कितीदा दाखवलेही आहे. त्या क्षणी मात्र ते मला ठाऊक नसते तर बरे झाले असते, असे मनापासून वाटले. मी कुसुमताईंकडे पाहिले. त्या मुद्दाम दुसरीकडे बघत होत्या.

"नाही तात्या," मी म्हटले. "जास्तच दाखवते. नेहमी."

"कमी कदीच न्हाई?"

"कधीच नाही."

त्यांनी मान हलवली. "तीस वर्सं मोजतोय," ते म्हणाले. "म्हंजी ज्येला ज्येला म्या वाटा काढून दिला, त्येला बोल्लो त्येच्यापरीस कमीच दिला." ते रागाने बोलत नव्हते, मला दोषही देत नव्हते. एखादे उदाहरण सोडवून शेवटची ओळ वाचावी तसे बोलत होते. मला त्यांच्या पाया पडावेसे वाटले, पण तेवढेही धैर्य झाले नाही.

मग त्यांनी हौसाला विचारले, सगळ्यात आधी कोणाचा वाटा मोजला होता ते तिला माहीत आहे का. तिला कुठले माहीत असणार. तेव्हा ती जन्मलीही नव्हती. "किसनाचा," तेच म्हणाले, "वरल्या आळीचा. चल." आणि आमचा निरोप घ्यायचे विसरून बापलेक चढणीला लागले. साखळी दगडांवर आपटत वाजत होती.

परतीच्या एस.टी.त मला मळमळले नाही, की कळले नाही, कोण जाणे. मोशीचा पूल आला तेव्हा मी कुसुमताईंना विचारले, माझ्या जागी असत्या तर त्यांनी तात्यांना खरे सांगितले असते का. त्या म्हणाल्या, सांगितले असते, पण तुझ्याइतक्या लवकर नाही.

सोमवारी कॉलेजात तास होता. नेहमीसारखे एक प्रमेय फळ्यावर मांडले, दोन ओळींत सिद्ध केले आणि खाली रेघ मारली. मुलींनी वह्या मिटल्या. मी त्यांना पुन्हा उघडायला लावल्या आणि विचारले, की हे खरे असेल, तर आता ते कोणाला जाऊन सांगावे लागेल?

वर्गात कोणालाच प्रश्न कळला नाही. पंधरा दिवसांपूर्वी मलाही कळला नसता.