हमीदचाचांनी मीठ पाहिलं

सकाळी साडेसहाला मी फ्रीजच्या तळातून ते पाकीट बाहेर काढलं, तेव्हा किचनमध्ये मी एकटीच होते. तसं मी मुद्दामच ठरवलं होतं. हमीदचाचा साडेनऊला येतात. त्याआधी मांस कापून, मसाला लावून, भांड्यात घालून झाकण लावायचं होतं.

पाकिटात डुकराच्या खांद्याचं मांस होतं. दोन दिवसांपूर्वी कंपनीची गाडी कामासाठी नागपूरला गेली होती, तिच्यासोबत आलेलं. ड्रायव्हर, आमचे मॅनेजर आणि मी सोडून पाकिटात काय आहे ते कुणालाच माहीत नव्हतं.

मी वणीजवळच्या एका गेस्ट हाऊसची किचन इन-चार्ज आहे. कोळसा खाणींना मशिनरी पुरवणाऱ्या एका खाजगी कंपनीचं हे गेस्ट हाऊस. माझं गाव दारव्हा, हॉटेल मॅनेजमेंट नागपूरला झालं. आमच्याकडे इंजिनिअर लोक येतात, आठ दिवस राहतात, कधी तीन महिने राहतात. त्या वेळी फिलिपिन्सचे रमोन म्हणून एक इंजिनिअर होते. कोळसा फोडायचं मोठं क्रशर बसवायला आलेले. पन्नाशीचे, अबोल. अडीच महिने त्यांनी आमचं वरण, भात, पोळी, चिकन काहीही न बोलता खाल्लं. मिरचीनं डोळ्यांत पाणी यायचं, तरी ताट रिकामं करून ठेवायचे.

त्यांच्या निरोपाच्या आठवड्यात आमचे मॅनेजर वानखडे सर मोबाईल घेऊन किचनमध्ये आले.

"मॅडम, हे बघा. रमोन साहेबांच्या वाढदिवसाला त्यांची बायको हे करते म्हणे. शुक्रवारी फेअरवेल डिनर आहे. जमेल?"

फोटोत पुल्ड पोर्क होतं. म्हणजे डुकराचं मांस आठ-नऊ तास अगदी मंद आचेवर शिजवायचं आणि मग दोन काट्यांनी ओढून त्याचे धागे करायचे. चव आंबटगोड, तिखट, खारी. सोया सॉस, आलं, लसूण, व्हिनेगर, चक्रीफूल, आणि ब्राऊन शुगरच्या जागी आपला गूळ चालतो. यासाठी स्लो कुकर लागतो. विजेवर चालणारं जाड चिनीमातीचं भांडं, वर काचेचं झाकण. स्टोअरमध्ये एक न वापरलेला पडून होता.

"जमेल सर," मी म्हटलं. "पण हमीदचाचांना आधी सांगावं लागेल."

"त्यांना कशाला? उगाच इश्यू होईल. शुक्रवारी ते नमाजला जातातच. तुम्ही एकट्या करून टाका. एका दिवसाचा तर प्रश्न आहे."

मी "ओके सर" म्हटलं. इथं मला थांबता आलं असतं. मी थांबले नाही, कारण खरं सांगायचं तर मलाही ते सोपं वाटलं.

हमीदचाचा वणीचेच. साठीच्या पुढचे. पूर्वी लग्नांच्या पंगतींचा स्वयंपाक करायचे. माझ्या आधीपासून ते या किचनमध्ये होते. कागदावर मी त्यांची बॉस. पण शंभर माणसांच्या भाताला पाणी किती, रस्सा कधी उतरवायचा, हे मी कॉलेजात शिकले नाही, त्यांच्याकडून शिकले. पहिल्याच महिन्यात माझ्या हातून डाळ करपली होती. सर जेवायला बसलेले. चाचांनी वरची डाळ अलगद दुसऱ्या भांड्यात काढली, वरून फोडणी दिली आणि म्हणाले, "ताई, खालचं खालीच राहू दे. हलवू नको." कुणाला कळलं नाही. त्यांनीही कधी कुणाला सांगितलं नाही.

आणखी एक गोष्ट. आमच्या किचनमध्ये येणारं सगळं मटण-चिकन चाचाच आणायचे, त्यांच्या ओळखीच्या हलालच्या दुकानातून. त्यामुळे किचनमधल्या कुठल्याही भांड्यातला रस्सा ते बिनधास्त चाखू शकत होते. त्यांना कधी विचारावं लागलं नव्हतं.

त्या शुक्रवारी मी तयारी अगदी पुस्तकाप्रमाणे केली. वेगळा चॉपिंग बोर्ड. वेगळी सुरी. हातमोजे. कुकर स्टोअररूममध्ये वेगळ्या टेबलावर. एका पदार्थाचा अंश दुसऱ्यात जाऊ नये म्हणून ही काळजी घेतात, आमच्या भाषेत क्रॉस-कंटॅमिनेशन टाळणं म्हणतात. एवढं सगळं करताना मी स्वतःला सांगत होते की चाचांचा मान मी राखते आहे.

सव्वासातला कुकर लावला. मीठ जवळजवळ घातलंच नाही. सोया सॉस मुळात खारा असतो, आणि शेवटी रस आटवला की खारटपणा वाढतो. म्हणून मीठ शेवटी.

चाचा आले. दहा वाजेपर्यंत स्टोअररूमच्या दारातून वास यायला लागला होता. गूळ, आलं, चक्रीफूल. चाचा भाजी निवडता निवडता थांबले.

"ताई, काय शिजवून राह्यली तू? वास तर लय भारी येऊन राह्यला."

"रमोन साहेबांचं आहे चाचा. त्यांच्या देशाकडचं."

"मटन होय का? पण मी तर नाही आणलं."

"नागपूरहून मागवलं सरांनी."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "दुकान आपल्या माणसाचंच हाये ना?"

मी मान हलवली. हो म्हणून. तोंडानं एक शब्दही न बोलता मी आयुष्यातलं सगळ्यात मोठं खोटं बोलले. चाचा पुन्हा भाजी निवडायला लागले.

पाऊण वाजता ते नमाजला गेले, अडीचला परत आले. तेवढ्यात सरांचा फोन आला, बसायची व्यवस्था आणि मेनू कार्ड बघायला ऑफिसात या. मी जाताना चाचांना म्हटलं, "स्टोअरमधल्या कुकरला हात लावू नका, तो आपोआप होतो." त्यांनी मान डोलावली.

ऑफिसात मला तासभर लागला. मध्ये लाईट गेली. ऑफिसला आणि खोल्यांना जनरेटर आहे, किचनच्या दिव्यांनाही आहे. स्टोअररूमच्या प्लगला नाही. हे मला माहीत होतं. ऑफिसातला पंखा फिरत राहिला, म्हणून लाईट गेल्याचं मला जाणवलंच नाही.

साडेतीनला परत आले. चाचा खूश होते.

"बरं झालं मी होतो. लाईट गेलती. तुया तो डब्बा बंद पडला होता. हात लावू नको म्हटलं होतं तू, पण गोश्त असं कोमट राह्यलं तर खराब होते ना. मंग मी पातेल्यात वतलं अन् गॅसवर बारीक ठेवलं. हे पाह्य, मस्त गळलं."

गॅसवर आमचं भाताचं पातेलं होतं. त्यात ते मांस.

"अन् मीठ पाह्यलं," चाचा म्हणाले. "कमी होतं. थोडंसं टाकलं."

चाचांनी केलं ते शंभर टक्के बरोबर होतं. शिजतं मांस कोमट राहिलं की त्यात जंतू वाढतात. ते लगेच गरम करणं हाच नियम. कॉलेजच्या परीक्षेत हा प्रश्न आला असता तर त्यांना पूर्ण मार्क मिळाले असते. आणि मीठ न पाहता भांडं उतरवेल तो स्वयंपाकी कसला?

त्या क्षणी सांगायला हवं होतं. एका वाक्याचं काम होतं. मी तोंड उघडलंसुद्धा. पण चाचांच्या चेहऱ्यावर मदत केल्याचं जे समाधान होतं ते पाहून मी म्हटलं, "थँक यू चाचा." मनात ठरवलं, डिनर होऊ दे. मग शांतपणे सांगू. किंवा उद्या. मग आणखी एक विचार आला, तो लिहायला लाज वाटते: नाहीच सांगितलं तर? कोणाला कळणार आहे?

संध्याकाळभर आम्ही शेजारी शेजारी काम केलं. मी मांस बोर्डवर काढून दोन काट्यांनी ओढलं. रस कमी आटवला, कारण मीठ आता पुरेसं होतं. चाचांनी काकडी आणि कांदा बारीक कापून दिला. मध्ये दिवस कलल्यावर असरची नमाज त्यांनी मागच्या व्हरांड्यात पढली. दिवस मावळल्यावर मगरिबचीही पढली. दोन्ही वेळा मी दारातून पाहिलं आणि आत वळले.

डिनर सातला सुरू झालं. रमोन साहेबांना विमानासाठी पहाटे निघायचं होतं. त्यांनी पहिला घास घेतला आणि काटा खाली ठेवला. मग तीनदा वाढून घेतलं. वानखडे सरांनी लांबून मला अंगठा दाखवला.

जेवण झाल्यावर रमोन साहेब स्वतः किचनमध्ये आले. अडीच महिन्यांत पहिल्यांदा. त्यांनी माझा हात धरला, मग चाचांचा हात दोन्ही हातांत घेतला. डोळे भरले होते त्यांचे.

"थँक यू, शेफ. थँक यू, सर. माय वाईफ्स पोर्क. सेम. सेम टेस्ट."

चाचांना इंग्रजी येत नाही. पण तो शब्द त्यांना येत होता.

ते हसत होते, हसणं तसंच चेहऱ्यावर राहिलं. पाहुण्यासमोर त्यांनी हात सोडवला नाही. "वेलकम साब," म्हणाले. रमोन साहेब निघून गेले. मग चाचा नळाशी गेले. चूळ भरली. पुन्हा भरली. किती वेळा ते मी मोजलं नाही. नळ बंद करून ते माझ्याकडे वळले.

"ताई, मी मीठ पाह्यलं सांगतलं, तवा तुले माहीत होतं?"

"हो चाचा."

"मंग तवाच काहून नाही सांगतलं?"

सरांनी सांगितलं होतं, असं मी म्हणू शकले असते. ते अर्धंच खरं होतं. सरांनी सकाळचं लपवायला सांगितलं होतं, दुपारचं मी माझ्या मनानं लपवलं.

"चाचा, माझी चूक झाली. मला वाटलं..."

"बेखबरीत तोंडात गेलं, त्याचा गुन्हा नाही लागत माणसाले," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता. "ते मी अन् माया अल्ला पाहून घेऊ. पण मी दोन नमाजा पढल्या, ताई. तू पाहत होती. एक डाव हाक मारली असती तर निदान समजून तरी अल्लासमोर उभा राह्यलो असतो मी."

मी रडायला लागले. ते थांबले, मग स्टुलावर बसले.

"मले आधी सांगतलं असतं तर काय केलं असतं मी? भांडलो असतो? त्या माणसाले त्याच्या घरचं खाऊ घालाचं होतं, चांगलं काम होतं. मी सुट्टी घेतली असती. नाही तर मागं अंगणात तुले येगळा चुल्हा मांडून देला असता. एवढाच भरोसा नव्हता का तुले माया?"

दुसऱ्या दिवशी ते सकाळी आले, कपाटातलं स्वतःचं सामान घेतलं, भाजीवाल्याचा नंबर आणि मटणाच्या दुकानाचा नंबर मला कागदावर लिहून दिला. काम सोडतो असं म्हणाले नाहीत. गुडघे दुखतात, आता घरीच बसतो, असं वानखडे सरांना सांगितलं. किचनमधली गोष्ट त्यांनी सरांनाही सांगितली नाही. ती मीच सांगितली.

सर म्हणाले, "त्यांना समजवा ना तुम्ही. तुमचं ऐकतात ते."

"ऐकायचे, सर," मी म्हटलं.

आठवड्यानं मी त्यांच्या घरी गेले. त्यांच्या बायकोनं चहा दिला, बिस्किटं दिली. चाचा माझ्याशी अगदी नीट बोलले. माझ्या आईची तब्येत विचारली, दारव्ह्याच्या रस्त्याचं काम झालं का विचारलं. मी दोनदा त्या दिवसाचा विषय काढला. दोन्ही वेळा ते म्हणाले, "चाय थंडी होऊन राह्यली." निघताना दारापर्यंत आले. "सांभाळून जा, मॅडम," म्हणाले. घरी पोचेपर्यंत तो शब्द माझ्या कानात होता.

रमोन साहेबांनी कंपनीला मेल पाठवला. किचनचं कौतुक केलं होतं, माझं नाव लिहिलं होतं. 'द ओल्ड शेफ' असा चाचांचाही उल्लेख होता. सरांनी त्याची प्रिंट काढून ऑफिसात लावली. मी ती काढायला सांगितली नाही, पण त्या भिंतीकडे पाठ करून बसते.

भाताचं ते पातेलं मी बदललं. नवीन माणूस आला, चांगला आहे. आता किचनच्या भिंतीवर एक पांढरा फळा आहे. प्रत्येक भांड्यात काय आहे, मांस कशाचं, कुठून आणलं, कोणी शिजवलं, हे भांडं चुलीवर चढायच्या आधी त्यावर लिहायचं, असा नियम मी केला. तपासणीला येणारे लोक फळ्याचं कौतुक करतात. "ॲलर्जीसाठी का?" असं विचारतात. चांगली प्रॅक्टिस आहे म्हणतात.

मी "हो, ॲलर्जीसाठी," असं सांगते. म्हणजे अजूनही विचारणाऱ्याला मी पूर्ण खरं सांगत नाहीच.